हळू असेल तो आधी

"काका, मी नक्की किती हळू आहे, ते तुम्हाला सांगता येईल का?"

देवयानीने हे विचारलं मात्र, मागे गवतावर बसलेल्या मिताली आणि अथिना खिदळत एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैजच तशी लागली होती. 'मी कोणालाही काहीही विचारू शकते' असं ती शाळा पुन्हा भरायला लागल्यापासून ऊठसूट सगळ्यांना ऐकवत होती. शेवटी वैतागून त्या दोघींनी नाइटक्लिफच्या समुद्राकाठी भरणाऱ्या रनिंग क्लबातला वहीवाला माणूस बोटाने दाखवला. जा, त्याला विचार, मी किती स्लो आहे म्हणून. विचारलंस तर मँगो स्मूदी आमच्याकडून. जवळ गेल्यावर तो माणूस भास्करकाका निघाला. गणपतीत मंडळाच्या हॉलवर खुर्च्या मांडणारा, एरवी डार्विनची सिटी बस चालवणारा. आता हे हसणार, नाहीतर 'बाबा काय म्हणतात?' असं विचारणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. काकांनी दोन्ही केलं नाही. घडीच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी तिच्या बुटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं, आणि गाडी क्रमांक चारचा पुढचा स्टॉप कुठला असं कोणी विचारलं असतं तर ज्या आवाजात सांगितलं असतं त्याच आवाजात म्हणाले, "येईल की. तो पांढरा खांब दिसतोय? तिथपर्यंत जाऊन परत ये. बरोबर दोन किलोमीटर. उगाच जोर लावू नकोस, आणि खोटं हळूही पळू नकोस."

ती गेली आणि आली. सव्वातेरा मिनिटांनी परत आली तेव्हा तोंड टोमॅटोसारखं झालं होतं, मैत्रिणींचं हसून संपलं होतं आणि काकांनी वहीत तिचं नाव लिहून टाकलं होतं. पुढच्या रविवारी चार किलोमीटरची शर्यत होती, करोनामुळे मार्चपासून बंद पडल्यानंतरची पहिलीच. "आमच्याकडे हळू असेल तो आधी सुटतो," काका म्हणाले. "त्याच्याहून थोडा जोरात पळणारा थोड्या वेळाने. सगळ्यात फास्ट सगळ्यात शेवटी. तुला चार किलोमीटरला सत्तावीस मिनिटं लागतील. आमचा तो हॅमिश चौदात मारतो. म्हणून तू त्याच्या आधी तेरा मिनिटं सुटायचंस. तुझा स्टार्ट तेरा." "मग जिंकतं कोण?" "ज्याच्या बाबतीत माझं गणित चुकतं तो. मी बरोबर असेन तर सगळ्यांनी एकाच वेळी पोचायला पाहिजे. अकरा वर्षं करतोय, एकदाही जमलेलं नाही." आणि मग, वही मिटताना, फार अभिमान वाटल्यासारखं दिसू नये म्हणून समुद्राकडे बघत, "जवळ जवळ आलंय एकदोनदा."

तेरा. घरी परतताना सायकलवर, घरी आल्यावर शॉवरमध्ये, भात वाढून घेताना तिच्या डोक्यात तो आकडा असा काही बसला होता की बस्स. आजवर तिला कितीजणांनी हळू म्हटलं असेल! लाडाने, चिडून, हातातलं ओढून घेत, 'आण इकडे, मी करते' म्हणत. पण किती हळू, ते कोणी मोजलं नव्हतं. मोजलं की ते एवढंसं होतं हे तिला माहीत नव्हतं. तेरा मिनिटं म्हणजे मॅगीची तीन पातेली. आणि काकांनी ते सांगताना चेहरा वाकडा केला नव्हता, दया दाखवली नव्हती, 'असू दे गं' म्हटलं नव्हतं. बुटाचा नंबर सांगावा तसं सांगितलं होतं. जगात असा माणूस असू शकतो, जो चाळीस लोकांना एकेक करून नीट बघतो आणि प्रत्येकाला किती वेळ लागेल ते वहीत लिहून ठेवतो, आणि कोणालाच त्याबद्दल रागवत नाही, या गोष्टीचं तिला इतकं नवल वाटलं की तिने तोंडातला घास तसाच ठेवून छताकडे पाहिलं. आई म्हणाली, "गिळ आधी, मग बघ कुठे बघायचं ते."

आईला आणि बाबांना त्या आठवड्यात वेगळीच काळजी होती. ती स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, संपलेल्या बॅटऱ्या आणि टेकअवेच्या मेन्यूकार्डांखाली ठेवलेली होती. शाळेचा फॉर्म. देवयानीला वाचायला वेळ लागतो, हे शाळेच्या सायकॉलॉजिस्टने तीन दुपारी तिच्यासमोर बसून शोधून काढलं होतं. डोळे उत्तम, डोकं उत्तम, फक्त लिहिलेली ओळ तिच्यापर्यंत उशिरा पोचते. आधी वीज दिसते आणि गडगडाट मागाहून येतो ना, तशी तिला ओळ आधी दिसायची आणि मग, बऱ्याच वेळाने, समजायची. हे नववीपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही कारण मिताली होती. 'ए मिताली, तू वाच ना, तुझा आवाज काय भारी आहे,' असं म्हणत देवयानीने वर्षानुवर्षं सगळे धडे कानांनी शिकून घेतले होते, आणि एकदा ऐकलेलं ती विसरत नव्हती. मितालीला वाटायचं की आपला आवाज भारी आहे. देवयानीलाही तसंच वाटायचं. मग मार्च-एप्रिलमध्ये थोडे आठवडे घरून शाळा झाली, मिताली तिच्या घरी, ही हिच्या घरी, मधे लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर फक्त ओळी. ती पहिल्यांदाच त्यांच्यासमोर एकटी बसली. तीन आठवड्यांत सात असाइनमेंट राहिल्या. आईला वाटलं मुलगी आळशी झाली, बाबांना वाटलं फोन फार होतोय. शाळेतल्या मिस कॅलहननी तेवढं ओळखलं. फॉर्मवर लिहिलं होतं की परीक्षेत तिला तासाला पंधरा मिनिटं जास्तीची मिळावीत. पालकांची सही हवी होती. सोमवारपर्यंत.

बाबांनी सही केली नव्हती. नाही असंही म्हटलं नव्हतं. श्रीनाथ माणूस वाईट नव्हता. गॅस प्लांटवर इंजिनियर, मंडळाचा दोन वर्षं अध्यक्ष, मुलीला पोहायला त्यानेच शिकवलं होतं. पण ड्रॉवर उघडून त्यातून सेलोटेप घ्यायचा आणि फॉर्मकडे न बघता ड्रॉवर लावून टाकायचा, हे त्याला छान जमायला लागलं होतं. "वेळ वाढवून घेतला की त्याची सवय लागते," असं तो एकदा म्हणाला. "आपल्या घरात आजपर्यंत कोणी काही जास्तीचं मागितलं नाही. मी बारावीला मेरिटमध्ये आलो ते तीन तासांच्या तीन तासांत." खरं म्हणजे देवयानीला हे पटत होतं, हीच पंचाईत होती. बाबांवर रागावता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण वेगळी खोली, वेगळं घड्याळ, सगळे पेपर देऊन बाहेर बॅगा उचलताहेत आणि ही आत अजून बसलीये, आणि अथिना काचेतून बघतेय, हे चित्र बाबांनी काढलेलं नव्हतं, तिनेच काढलं होतं. एवढी बडबडी, एवढी धीट झालेली मुलगी, पण मितालीला हे तिने अजून सांगितलं नव्हतं.

सोमवारी तिचे पाय लाकडाचे झाले होते. मंगळवारी काकांनी मेसेज केला, व्हॉइस मेसेज, कारण ते बसच्या ब्रेकमध्ये होते: बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं, दम लागून बोलणं थांबलं तर तू फास्ट आहेस. बोलता येईल इतक्याच! देवयानीला हा नियम खास आपल्यासाठी बनवलाय असं वाटलं. ती शाळेतून आल्यावर पळाली आणि पूर्ण वेळ मोठ्याने बोलत राहिली. घरंगळत आलेल्या नारळाला म्हणाली बाजूला हो, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला म्हणाली हाउ यू गोइंग, स्वतःला सांगत राहिली की आता उजवा, आता डावा, आता डावीकडे समुद्र. जुलैची हवा अशी कोरडी आणि हलकी होती की नाकातून आत जाताना तिला थंड धाग्यासारखी कळत होती. आणि मग मधेच, कुठल्याशा आंब्याच्या झाडापाशी, तिच्या लक्षात आलं की ती काहीच करत नाहीये. श्वास आपोआप येतोय. पाय आपोआप पडताहेत. आत कुठेतरी कोणीतरी पंधरा वर्षं न थांबता, न वाचता, न चुकता काम करतंय, आणि तिने त्याची कधी साधी चौकशीही केली नव्हती. ती बोलायची थांबली. आई लॅबमधून येऊन सांगायची, दिवसाला किती स्वॅब आले, सगळे निगेटिव्ह आले तरी प्रत्येक नळी उघडताना हात कसा क्षणभर थांबतो. जगभर माणसं श्वासावर येऊन अडकली होती, आणि इथे डार्विनमध्ये, बॉर्डर बंद करून टाकलेल्या या टोकाच्या गावात, तिला तो फुकट मिळत होता. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, ज्याला नाव नव्हतं. मग ती पुन्हा बोलायला लागली, कारण नियम होता.

बुधवारी जेवताना तिने स्टार्टबद्दल सांगितलं. सांगायला नको होतं.

"तेरा मिनिटं?" बाबांचा हात पोळीवर थांबला. "चार किलोमीटरच्या शर्यतीत तेरा मिनिटं आधी? मग ही शर्यत कसली? ही तर सवलत झाली."

"सगळ्यांनाच देतात बाबा. प्रत्येकाची वेगळी."

"भास्करने ठरवलं? तो कुकरीच्या कोर्सच्या व्हिसावर इथे आला होता गं. त्याला काय कळतं टाइम अँड मोशनमधलं?"

"अकरा वर्षं करतायत ते."

"तू कमी घे. कमी घेऊन हरलीस तरी चालेल, पण आपल्या जोरावर पळ. आपण इथे व्हिसाच्या पॉइंट्सवर आलो, देवू. वय, इंग्लिश, डिग्री, एकेक पॉइंट कमवून."

आईने आमटी वाढता वाढता, डाव हवेत धरून, अगदी गोड आवाजात विचारलं, "आणि डार्विनसारख्या लांबच्या गावी जायला तयार आहोत म्हणून जे दहा जास्तीचे घेतले, ते परत केलेस का रे श्री? की राहूनच गेलं?"

"ते वेगळं होतं."

"हो ना. आपलं ते वेगळंच असतं."

बाबा उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. देवयानीला त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ तिला फार ओळखीची वाटली. पेपर कोरा असताना लिहितोय असं दाखवण्यासाठी ती स्वतः अशीच वाकून बसायची.

गुरुवारी दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, मग एक खांब चालत, असं सहा वेळा. शुक्रवारी काही नाही. शनिवारी काकांच्या सांगण्यावरून ती शर्यतीचा अख्खा रस्ता नुसती चालून आली आणि कोपरे पाठ केले. लाल खडकांची कड, मग पूल, मग किनारा आत वळतो आणि परत बाहेर येतो, त्या बाहेर आलेल्या टोकावर, जिथून निघायचं त्याच गवताशेजारी, शेवटची रेघ. ऐकून पाठ होतं तसं पायांनीही पाठ होतं, हा शोध तिला इतका मोठा वाटला की तिने मितालीला फोन करून तो सांगितला. मिताली म्हणाली, "यू आर सो वीअर्ड, पण मी येतेय उद्या ओरडायला."

रविवारी सकाळी सातला सूर्य नुकता वर आला होता. गवतावर खडूने गोल आखले होते, दीड दीड मीटर सोडून, एका गोलात एक माणूस. टेबलावर सॅनिटायझरची बाटली, पाणी ज्याचं त्याने आणायचं. आई-बाबा कडेला चटईवर, मिताली आणि अथिना त्यांच्या मागे. भास्करकाका घड्याळ आणि वही घेऊन उभे होते. चाळीस म्हणाले तशी काठी घेतलेल्या मार्गरेट आजी निघाल्या. सतरा. पंधरा, एक बाई बाबागाडी ढकलत. देवयानीने बुटांची नाडी तपासली. "तेरा!" काकांनी वहीकडे बघत म्हटलं, आणि तिच्या शेजारच्या गोलातला दाढीवाला गेला. तिने पाय उचलला, तेवढ्यात काकांनी हात आडवा केला. ते दीड मीटरवर येऊन थांबले. चेहरा उतरला होता.

"तुझं आठ केलंय, बेटा. गुरुवारी बाबांचा फोन आला होता."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"माझ्या मुंजीपासूनची खोड आहे ही," काका म्हणाले, "मोठ्या हुद्द्याच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. गणित मोडलं मी. चूक माझी." ते वहीकडे बघत राहिले. "जातेस आत्ता? पण मग वीसेक सेकंद गेलेत, आणि वहीत आठ लिहिलंय, बाकीचे बोलतील."

तिने चटईकडे पाहिलं. बाबांनी अंगठा वर केला. एवढे खूश दिसत होते ते, इतक्या खऱ्या आनंदाने, की तिला ओरडता येईना. ती गोलात परत उभी राहिली. आणि मग त्या पाच मिनिटांत तिने नुसतं उभं राहून माणसं जाताना पाहिली. बारा. अकरा, दोघं. दहा. प्रत्येक आकड्यावर कोणीतरी आपला वेळ घेऊन निघत होतं, लाजत नव्हतं, आभार मानत नव्हतं. कोणालाच ते जास्तीचं वाटत नव्हतं. बाबागाडीवाली तर लाल खडकांपर्यंत पोचलीसुद्धा होती, तिच्या बाळाने फेकलेली टोपी रस्त्यात पडलेली दिसत होती. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांना लांबी होती, रुंदी होती, त्यांत माणसं मावत होती. आपल्याला लागणारा वेळ आपल्याकडून काढून घेतला तर शूरपणा येत नाही, नुसती जागा जाते. पुढे सगळं तेच राहतं, पाय तेच, श्वास तोच, फक्त आपण उशिरा.

"आठ!"

ती निघाली. पहिल्या खडकांपाशीच मागून पावलं आली, बाजूला सरकून गवतावरून गेली, "गुड ऑन या, मेट!" पुन्हा पावलं, पुन्हा गवतावरून. नियमच होता अंतर ठेवायचा, त्यामुळे प्रत्येक जण तिच्याभोवती मोठा वळसा घालून जात होता, आणि तिला वाटलं की आपण ओढ्यातला दगड आहोत आणि पाणी दोन्हीकडून जातंय. प्रत्येकाचा श्वास वेगळा. एकाचा शिट्टीसारखा, एकीचा हुंदक्यासारखा, एकाचा ऐकूच येईना. हॅमिश आला तेव्हा तिला आधी जमिनीतून कळलं आणि मग तो नव्हताच, पुढे गेला होता. माणसाचं शरीर असं करू शकतं! मोठ्याने 'वाव' म्हणायला तिच्याकडे हवा नव्हती, म्हणून तिने ते मनात म्हटलं. मग मागे कोणी राहिलं नाही. समुद्र, तिचे दोन पाय, आणि कोणीच नाही. शेवटची. इतक्या वर्षांची भीती होती ती हीच, आणि आता ती भीतीच्या आत पळत होती, आणि आत ऊन होतं.

पुलानंतर किनारा आत वळला आणि पाण्यापलीकडे तिला शेवटची रेघ दिसली. तिथे पोचायला तिला अजून पाच मिनिटं होती. आणि तेव्हा तिने ते पाहिलं. काठीवाल्या आजी रेघेकडे चालल्या होत्या, बाबागाडी त्यांच्या मागे, दाढीवाला, दोघं जोडीने, मागून लाल बनियन, निळं, पिवळं, आणि अगदी मागून बाण सुटल्यासारखा हॅमिश. चाळीस मिनिटांच्या अंतराने निघालेली माणसं, कोणी चालत, कोणी उडत, एकमेकांकडे ओढल्यासारखी गोळा होत होती. आजी आणि हॅमिश यांच्यात हातभर अंतर उरलं. सगळा घोळका एकाच श्वासात रेघेवरून गेला. पाण्यावरून ओरडा ऐकू आला, उशिरा, गडगडाटासारखा. देवयानी पळता पळता रडायला लागली. एवढं सुंदर काही तिने पाहिलेलं नव्हतं. जे त्यात होते त्यांना ते दिसणारच नव्हतं, ते तर दमून वाकले होते. भास्करकाकांचं अकरा वर्षांचं गणित एकदा जमलं, आणि ते जमलेलं पूर्ण दिसलं ते तिला एकटीलाच, कारण तिची जागा त्यात रिकामी होती. आजीच्या आणि बाबागाडीच्या मागे, दाढीवाल्याच्या शेजारी. एक माणूस मावेल एवढी. ती तिला इथून स्पष्ट दिसत होती.

ती पोचली तेव्हा सगळे थांबले होते आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मिताली तर घसा बसेपर्यंत किंचाळली. काकांनी घड्याळ थांबवलं, वहीत बघितलं आणि वही तिच्यासमोर धरली. मुद्दाम तिला वाचायला वेळ देत उभे राहिले. सत्तावीस मिनिटं, तीन सेकंद. शेजारी गेल्या रविवारी पेनने लिहिलेलं सत्तावीस. "तू माझं बरोबर आलेलं गणित होतीस," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

बाबा चटईवरून उठून आले होते. त्यांनी तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "शेवटची तर शेवटची! पण कोणाचं काही न घेता पळालीस. मला ते फार आवडलं, देवू." आईने पाण्याची बाटली उघडून दिली आणि बाबांकडे पाहिलंच नाही.

देवयानी प्यायली. पूर्ण बाटली प्यायली, कारण घाई कशाची होती? मग तिने तोंड पुसलं, श्वास खाली बसू दिला, बोलता येईल इतका, आणि मिताली-अथिनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आई, बाबा, ऐका. परीक्षेतली ती तासाला पंधरा मिनिटं मी घेणार आहे. उद्या सकाळी मिस कॅलहनना जाऊन हो सांगणार. बाबा, तू सही केलीस तर मस्तच. नाही केलीस तर मी त्यांना सांगेन की बाबांना यायला जरा वेळ लागतोय, मी आधी निघालेय."